पिस्तूल चांगलं होतं, ताई

ताई, मंडळाच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर ‘काहीतरी छान’ लिहून द्या, असा मला निरोप आला आहे. दोन पानं पुरेत म्हणाले. फोटो तेच टाकणार आहेत, मागच्या की त्याच्या मागच्या गणपतीतला, तुम्ही कुणाला तरी रागावताय तो. फक्त तुमचं तोंड उघडं असल्यामुळे हसताय असं वाटतं.

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. या एकोणीस दिवसांत मी तुमच्याबद्दल इतकं गोड ऐकलंय की मी दुसऱ्याच कुणाच्या अंत्यविधीला गेले होते की काय असं वाटायला लागलंय. प्रेमळ. मनमिळाऊ. सगळ्यांना धरून राहणाऱ्या. विधी झाल्यावर तिथल्या हॉलमध्ये कॉफी आणि केक देतात, तेव्हा एक बाई माझा दंड धरून म्हणाली, “नणंद कसली गं, आईच होती ती तुझी.” बोलावं लागू नये म्हणून मी केकचा मोठा तुकडा तोंडात घातला.

तुम्ही माझी आई नव्हतात. तुम्ही अजितची मोठी बहीण होतात आणि या देशात आल्यापासून सोळा वर्षं मी तुमच्या हाताखाली काढली. तुमच्या घरापासून आमचं घर सायकलने दहा मिनिटांवर, हेसुद्धा तुम्हीच ठरवलं होतंत. “रायस्वाइकलाच घ्या, ॲमस्टरडॅमकडे काय सोनं लागलंय?” मला तुमचा राग यायचा. अजून येतो. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग सोडून द्यायचा असतो म्हणतात, पण तो ठेवायचा कुठे ते कुणी सांगत नाही. मी कमी बोलते, हे तुम्ही चारचौघांत पुष्कळदा सांगितलंत. आज बोलते. छान होणार नाही.

तर पावणेदोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, तुम्ही तुमचं पिस्तूल माझ्या हातात दिलंत आणि विचारलंत, “बघ गं, याचं काय बिघडलंय?” त्याचं काहीही बिघडलेलं नव्हतं. बिघडला होता तो तुमचा हात. मला दोन्ही गोष्टी कळल्या होत्या. मी म्हणाले, “पिस्तूल बदला.”

मंडळातल्या बहुतेकांना तुम्ही नेमबाजी करायचात हे माहीतच नाही. तुम्हीच सांगितलं नाहीत, “भारतात कळलं तर लग्नाच्या पोरीसारखी माझी चर्चा होईल.” म्हणून त्यांच्यासाठी थोडं लिहिते. आपल्या क्लबात एक गट जुन्या पद्धतीच्या पिस्तुलांचा आहे. काडतूस नाही. नळीच्या तोंडातून आधी बंदुकीची काळी दारू मोजून ओतायची, त्यावर चमचाभर रवा, मग तेलात भिजवलेली कापडाची चकती आणि शिशाची गोळी, ते सगळं गजाने दाबून बसवायचं. मग घोड्याखाली एक तांब्याची टिकली बसवायची, लहानपणी दिवाळीत फोडायचो तेवढीच. मग पंचवीस मीटरवरच्या कागदावर एक गोळी. की परत पहिल्यापासून. अर्ध्या तासात तेरा गोळ्या, त्यातल्या चांगल्या दहा धरायच्या. एका हाताने मारायचं, दुसरा हात लावायचा नाही.

तुम्हाला हे का आवडलं ते मला लगेच कळलं होतं. सगळं आधी मोजून, ओळीत मांडून ठेवायचं, आणि कुणी मध्ये बोलायचं नाही. रव्यावरून तुम्ही क्लबातल्या हेंकशी भांडला होतात. हेंक म्हणजे तिथला सगळ्यात जुना सभासद, ऐंशीच्या घरातला. तो सुपरमार्केटातला रवा वापरायचा. तुम्ही आपल्या भारतीय दुकानातला बारीक रवा डब्यातून न्यायचात आणि त्याला सांगायचात की तुझ्या रव्याची धड खीरही होणार नाही. महिनाभराने त्याने तुमच्याकडे डबा मागितला.

मला तिथे तुम्हीच नेलंत. ते वर्ष मी अजितशिवाय कुणाशी पाच वाक्यंसुद्धा बोलत नव्हते. तुम्ही दारात उभ्या राहिलात, “चल, ऊठ. घरात बसून बुरशी येईल तुला,” म्हणालात आणि गाडीत घातलंत. कानावर घालायचे ते जाड हेडफोन तुमचे. पहिलं पिस्तूल तुमचं. पोलिसांच्या परवान्याचे कागद तुम्ही भरलेत. पहिल्या वर्षी तुम्ही दर शनिवारी माझ्या मागे उभ्या राहायचात आणि फक्त एकच शब्द बोलायचात, “श्वास.” कुणीही मला इतका वेळ दिला नव्हता, ताई. माझ्या आईनेही नाही. त्या बाईने केक खाताना हे विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते.

आणि शिकवलेलं तुम्ही विसरू दिलं नाहीत. ज्याला त्याला सांगायला लागलात, की “हिला मी उभी केली.” मी चांगला नेम धरायला लागले तसं ते जास्तच. गुणपत्रिकेत मी तुमच्या जवळ यायला लागले, कधी एकाने मागे, कधी दोनाने, आणि तुम्ही घरी जाताना गाडीत म्हणायचात, “आज तुला टेबल चांगलं मिळालं होतं.”

त्या जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू तुमच्या घरी होतं. बारा-तेरा बायका. मी तेव्हा पासपोर्टसाठी डच भाषेची परीक्षा दिली होती आणि दोनदा नापास झाले होते. हे मी जगात एकट्या तुम्हाला सांगितलं होतं. अजितला नाही. तुम्ही तिळगुळाची वाटी फिरवता फिरवता म्हणालात, “आमची माधवी दोनदा गचकली हां डचमध्ये. आता तिसऱ्यांदा परीक्षकच कंटाळून पास करतील.” सगळ्या हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवशी अजितला ऑफिसातल्या कुणीतरी, ज्याची बायको त्या बारातली एक होती, सहानुभूतीने विचारलं.

त्यानंतरचा शनिवार. आपण रेंजवर होतो. तुम्ही गोळी भरलीत आणि टिकली बसवायला घेतलीत. ती पडली. दुसरी घेतलीत. तीही पडली. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटत होती पण धरत नव्हती. तिसरी तुम्ही डाव्या हाताने बसवलीत. “थंडीने बोटं आखडलीत,” म्हणालात. आत हीटर चालू होता, हेंक बाह्या वर करून बसला होता. मी तुमच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याखालचा तो मांसल उंचवटा खाली बसला होता. अंगठा आणि तर्जनीच्या मधे, जिथे आपण पिस्तुलाची मूठ घुसवतो, तिथे खळगा पडला होता. कातडीखाली काहीतरी सारखं बारीक चळत होतं.

कागद जवळ आला तेव्हा त्यावर तुमच्या गोळ्या कुठेही होत्या.

“गेले दोन महिने हेच चाललंय,” तुम्ही म्हणालात. “चाप जड झालाय याचा. घे, तू मार बरं पाच. बघू माझं चुकतंय की याचं.”

मी भरलं. पहिली गोळी मी सरळ मारली. ती नवाच्या वर्तुळात बसली. चाप लोण्यासारखा होता. तुम्ही तेव्हा मान खाली घालून चष्मा पुसत होतात.

उरलेल्या चार मी मुद्दाम बाहेर मारल्या. एक खाली, एक वर उजवीकडे, दोन पार काळ्या वर्तुळाबाहेर पांढऱ्यात. तुम्ही शिकवलेला श्वास रोखून, शांतपणे, जिथे मारायच्या ठरवल्या तिथेच मारल्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात अचूक गोळ्या असतील त्या.

तुम्ही कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिलात. मग म्हणालात, “हं. म्हणजे माझं नाही.” आणि माझ्याकडे पाहिलंत. इतक्या मायेने तुम्ही माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतंत. “तरी मला वाटलंच,” म्हणालात. “बरं झालं तू होतीस.”

मी म्हणाले, “पिस्तूल बदला, ताई.”

नंतर आपण दहा महिने पिस्तुलं निवडत होतो. नवीन येणाऱ्यांना तुम्ही सांगायचात, की पिस्तूल सारखं बदलू नका, एक घ्या आणि त्याच्याशी संसार करा. आणि घेताना जड नळीचं घ्या. जड नळी जरा डुलते पण झटका देत नाही, हलकी नळी माशीसारखी उडते. यावर आपला कायमचा वाद होता. मला हलकं आवडायचं, तुम्ही मला हसायचात, “तुला वजन नको असतं कशाचंच.” आता तुम्ही स्वतः हलकं शोधत होतात. दर वेळी आधीच्यापेक्षा हलकं.

हेंककडे एका सोडून गेलेल्या सभासदाची तीन पिस्तुलं विकायला आली होती. त्याने ती हिरव्या कापडावर मांडली. एक अस्सल, दीडशे वर्षांहून जुनं, अक्रोडाच्या मुठीचं. दोन नव्याने बनवलेल्या नकला. त्याची निवडायची रीत साधी होती. पिस्तूल हातात घ्यायचं, डोळे मिटायचे, हात उचलून जिथे थांबेल तिथे थांबवायचा, मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकाचा दाणा मागच्या खाचेत आपोआप आलेला असेल तर ते पिस्तूल तुमचं.

तुम्ही अस्सल उचललंत. डोळे मिटलेत. हात वर गेला, थांबला आणि हळूहळू खाली यायला लागला. तुम्हाला ते कळत नव्हतं. डोळे मिटलेले होते. नळी टेबलाकडे वळली तरी तुमचा चेहरा निशाणावर असल्यासारखाच होता. हेंकने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

डोळे उघडून तुम्ही म्हणालात, “काय गं?”

“मुठीचा कोन चुकीचा आहे तुमच्या हाताला,” मी म्हणाले.

“आणि जड पण आहे.”

“हो, जड आहे.”

“बाईच्या हाताला हलकंच बरं. तू म्हणायचीस ते पटतंय आता.”

सहा वर्षांचा वाद मी त्या दिवशी जिंकले, ताई. तुम्ही सगळ्यात लहान, सगळ्यात हलकं उचललंत. हेंक डचमध्ये पुटपुटला की हे एखाद्या शाळकरी मुलीचं पिस्तूल आहे. तुम्ही त्याला म्हणालात, “मग मी आजपासून शाळेत.” तो हसला नाही. मला बाजूला घेऊन त्याने विचारलं, तिच्या हाताला काय झालंय? मी म्हणाले, थकली आहे.

त्या उन्हाळ्यात मृण्मयी बाळंत व्हायची होती, तुमची एकुलती एक, कॅनडात. तुम्ही जाणार होतात. तिळाचं तेल, डिंक, सगळं आणून ठेवलं होतंत. मग म्हणालात, “तिथे तिची सासू आहे. मला हे नवं पिस्तूल हातात बसू दे. सप्टेंबरची स्पर्धा झाली की जाते निवांत.” क्लबातून बायकांच्या गटात एकीलाच पाठवायचं होतं. इतकी वर्षं तुम्हीच जात होतात. मी म्हणू शकले असते, ताई, लेकीकडे जा. मी म्हणाले, “हो, बसेल हातात.”

स्पर्धेला मी गेले. तुम्ही आलात, माझी पेटी घेऊन, डाव्या हातात. माझ्या मागे उभ्या राहिलात आणि श्वास म्हणालात. मी चौथी आले. परतताना गाडीत मी वाट पाहत होते, की टेबल, वारा, प्रकाश, काहीतरी काढाल. तुम्ही काही काढलं नाहीत. डोकं टेकून झोपून गेलात. मला तेवढंही सुख तुम्ही धड दिलं नाहीत.

नोव्हेंबरात तुम्हाला कुलूप उघडता येईना. मग हाउसआर्ट्स, म्हणजे आपला नेहमीचा डॉक्टर, मग मोठं हॉस्पिटल. न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरने विचारलं, हे कधीपासून आहे? तुम्ही म्हणालात, दोन महिने. तो माझ्याकडे वळला. तुम्ही सोबत असता का यांच्या? आधी काही जाणवलं का?

मी म्हणाले, “नाही.”

ती परीक्षा मी तेव्हा पास झालेली होते. स्वच्छ डचमध्ये म्हणाले.

बाहेर पार्किंगमध्ये तुम्ही म्हणालात, “बरं झालं नाही म्हणालीस.” म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं का? टिकल्या पडत होत्या तेव्हापासून? की त्या डॉक्टरसमोर फक्त अब्रू राखायची होती? मी विचारलं नाही. पुढे तुमची जीभ जड झाली, मग विचारून उपयोगही नव्हता.

डॉक्टरने सांगितलं होतं की स्नायूंच्या या आजारात आधी कळलं असतं तरी तो थांबला नसता. अजित हे सगळ्यांना सांगतो. त्याला त्याचा आधार वाटतो. मीही वर्षभर ते वाक्य तोंडात धरून बसले होते. पण औषधाचा प्रश्न कुठे होता? दहा महिने तुम्हाला हात होते. अर्धेमुर्धे का होईना, होते. ते मी तुम्हाला पिस्तुलं उचलायला लावून घालवले.

कॅनडाला तुम्ही डिसेंबरात गेलात. बाळ सहा महिन्यांचं झालं होतं. व्हिडिओ कॉलवर मृण्मयीने लेकीला उशीवर ठेवून तुमच्या मांडीवर दिलं होतं, आणि उशीच्या दोन्ही बाजूंना ती स्वतः हात लावून बसली होती. तुम्ही मात्र कॅमेऱ्याकडे बघून मृण्मयीलाच ओरडत होतात, की झबलं उलटं घातलंयस.

या मे महिन्यात मी तुम्हाला मऊभात भरवत होते. तुमचं बोलणं तेव्हा फक्त मला आणि अजितलाच कळायचं. तुम्ही म्हणालात, “आधी कळलं असतं, तर पायावर घेऊन न्हाऊ घातलं असतं तिला.” एवढंच. रडला नाहीत. पाटावर बसून, पाय लांब करून, पोटऱ्यांवर पालथं घेऊन, एका हाताने मान सांभाळत पाणी घालायचं. तुमच्या आईने अजितला तसं घातलं होतं, तुम्ही मृण्मयीला. कॅनडात ते कुणाला येत नाही. तुम्ही शिकवलं असतंत, रागावत रागावत.

तो क्षण होता. खोलीत आपण दोघीच होतो. मी म्हणू शकले असते, ताई, मला कळलं होतं. तुम्ही काय केलं असतंत? हात उचलता येत नव्हता. शिव्याही धड देता आल्या नसत्या. इतकं सोपं होतं, तरी मी चमचा पुढे केला आणि म्हणाले, “अजून दोन घास.”

हे सगळं मी आज दुपारी लिहून अजितला वाचायला दिलं. त्याची बहीण होतात तुम्ही. छापून येण्याआधी त्याला कळायला हवं होतं. तो ओट्याशी उभं राहून वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने कागद ओट्यावर ठेवले. मग नळ सोडून एक स्वच्छ कप परत धुतला.

“त्या जानेवारीच्या आधीच्या भाऊबीजेला,” तो म्हणाला, “ताई ओवाळत होती ना मला. तिने अंगठी आणि सुपारी उचलली ओवाळायला, तर अंगठी निसटली. तबकात पडली. परत उचलली, परत पडली. मग तिने नुसतीच सुपारी ओवाळली. मी पाहिलं. तू आत करंज्या आणायला गेली होतीस.”

“मग?”

“मग काय. मी पाया पडलो आणि ओवाळणी घातली.” त्याने कप पालथा ठेवला. “विचारलं असतं तर उभा-आडवा सोलला असता तिने मला. पन्नाशीला आलोय, पण तिच्यासमोर कधी तोंड उघडलंय का मी? आपण दोघंही घाबरायचो तिला, माधवी. झालं ते त्यामुळे झालं. तेवढंच लिही. ते गोळ्यांचं वगैरे काढून टाक, कशाला लोकांना.”

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला मला सोडवायचं होतं. स्वतःलाही.

त्याचं खरं आहे, ताई. तो तुम्हाला घाबरायचा, आणि तुम्ही तसं वागवलंत त्याला, त्याचा जाब आता तुम्हाला कुणी विचारणार नाही. पण मी त्या शनिवारी घाबरले नव्हते. मी तुमच्या हाताकडे पाहिलं, हे काहीतरी मोठं आहे आणि आता बरं होणार नाही हे मला आतून कळलं, आणि मला बरं वाटलं. रेंजवर उभं राहून, तुमच्या शेजारी, मला हलकं हलकं वाटलं.

हे शेवटचं अजितने वाचलेलं नाही. तो अजून स्वयंपाकघरातच आहे. आता त्याच्याकडे घेऊन जाते.